पिवळा इशारा आणि बळ्ळारी नाला

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-वडील बेळगावला शहापुरात राहतात आणि आमचे शेत बळ्ळारी नाल्याला लागून आहे. येत्या दोन दिवसांत वादळी पाऊस होईल म्हणून जिल्ह्याला पिवळा इशारा दिल्याचे वाचले. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. इतक्या दुरून फोन करून मी त्यांना नेमके काय सांगावे?

– शहापूरची एक लेक

ताई, स. न. वि. वि.

मी सध्या बेळगावातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पिवळ्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की परिस्थितीवर लक्ष ठेवावे. पण तो रंग पश्चिमेच्या कणकुंबीपासून पूर्वेच्या अथणीपर्यंत सगळ्या जिल्ह्याला एकच लावलेला असतो. वळवाचा ढग दुपारच्या उन्हाने तासा-दोन तासांत उभा राहतो आणि एका शिवारात कोसळून शेजारचे गाव कोरडे ठेवतो, त्यामुळे तो कुठे पडेल हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज दुपारपासून पाहत राहावा.

२०१९ ची आठवण मात्र इथे थोडी बाजूला ठेवावी, असे मला वाटते. नदीच्या पुराचे वेगळे असते. जिल्ह्यातल्या चिकोडी-रायबागकडे कृष्णेचे पाणी वरून, महाराष्ट्रातून येते आणि तिथल्या राजापूर बंधाऱ्यावरच्या विसर्गाच्या आकड्यांवरून त्याची चाहूल आधी लागते. नाला अशी सवड देत नाही. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला मुसळधार म्हणतो. तेवढाच पाऊस तासाभरात पडला, तर शहरातल्या गटारांचे पाणी एकदम नाल्यात उतरते आणि गाळाने भरलेला नाला शिवारात पसरतो. तेव्हा नदीला पूर नाही, या बातमीवर कृपया निर्धास्त राहू नका.

वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. नाल्याला पाणी चढू लागले की शेतकरी पाण्यातली मोटर काढायला धावतो, आणि वीज व लोंढा असे दोन्ही धोके त्याला तिथेच गाठतात. मोटर आज सकाळीच वर आणून ठेवावी आणि दुपारनंतर काठाकडे जाऊच नये. जनावरे झाडाखाली बांधू नयेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. ते घरातल्या कोणाच्या तरी फोनवर घ्यायला सांगा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास घरातच थांबावे.

– बेळगावहून एक सभासद

काका, मनापासून आभार. बाबांशी बोलले, मोटर वर आणली आहे. माझा भाऊ उद्या गोव्याला उतरून चोर्ला घाटाने घरी निघणार आहे, त्याने यावे का?

ताई, सकाळी निघाला तर यावे. विमान दुपारी उतरणार असेल तर गोव्यातच मुक्काम करावा. घाटात अंधार, धुके आणि दरडीची माती एकत्र आली की पुढचा रस्ता दिसत नाही.