मदत हवी आहे: कोथरूडच्या जुन्या फ्लॅटची १ एप्रिल २००१ची किंमत कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

बाबांनी १९८८ साली घेतलेला फ्लॅट त्यांच्यानंतर आईच्या नावावर झाला. लिफ्ट नाही आणि आईला आता तीन मजले चढवत नाहीत, म्हणून विकायचं ठरतंय. सीए म्हणतात, फ्लॅट २००१च्या आधीचा असल्याने मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ची किंमत धरता येईल, पण त्या दिवशीच्या रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराने येणाऱ्या किमतीपेक्षा, जास्त नाही. त्या आकड्याशिवाय कराचा हिशोबच पुढे सरकत नाही.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर इतकं जुनं वर्ष मला दिसलं नाही. मिळकतकराची बिलं मात्र आईने सगळी फाइलला लावून ठेवली आहेत, कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात चेक नंबर. त्यातल्या वार्षिक करपात्र रकमेवरून किंमत काढता येते का?

शिवाय बिलावर अजून बिल्डरचंच नाव आहे. ते विक्रीआधी बदलून घ्यावं का? आईला या वयात खेटे घालायला लागू नयेत एवढंच वाटतं.

प्रतिसाद:

ताई, करपात्र रकमेच्या मागे लागू नका. पुण्यात ती अपेक्षित भाड्यावरून ठरते, मुंबईसारखी भांडवली मूल्यावर नाही. त्यातून बाजारभाव निघणार नाही.

नोंदणीकृत मूल्यांकक गाठा. जुन्या रेडीरेकनरची छापील पुस्तकं त्यांच्याकडे असतात आणि सीएंनाही त्यांचाच रिपोर्ट चालतो. जाताना करारनामा न्या. त्यातला सर्व्हे नंबर आणि बिल्टअप क्षेत्र लागेल, कारण दर मूल्यविभागानुसार बदलतो, एकाच कोथरूडमध्येसुद्धा. सूची दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) हाताशी नसेल तर दस्त नंबर आणि तारीख घेऊन हवेलीच्या ज्या दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली तिथे नक्कल मागा. सीएंना दोन्ही हिशोब करायला सांगा: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला साडेबारा टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, जो कर कमी तो.

बिलावरचं नाव आत्ताच बदला. खरेदीदाराची बँक हमखास विचारते. आई स्वतः राहतात, तर ४० टक्के सवलत बिलात धरली आहे का तेही पाहा. नसेल तर पीटी-३ अर्ज भरा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. करारनामा सापडला, सर्व्हे नंबर स्पष्ट आहे. मूल्यांकक फ्लॅट बघायला घरी येतात का? तसं असेल तर आईला आधी सांगून ठेवते.