'प्रश्न उद्भवत नाही': नक्की काय उद्भवत नाही?

पाटीपेन्सिल
विधानसभेतल्या जुन्या तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नोत्तरांचं इंग्रजी भाषांतर करतेय, एका संशोधिकेसाठी. सगळी सार्वजनिक आरोग्य विभागाची. साचा ठरलेला. 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग (१) अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, काय आढळून आले, आणि शेपटाला (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) चौकशी करण्यात आली असून पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

चौथ्याला मी सरळ 'डझ नॉट अराइज' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'देअर इज नो प्रॉब्लेम' केलं. बाई मराठीच आहेत, चांगल्या वाचणाऱ्या. फोनवर म्हणाल्या, "अगं, पाण्याचा प्रश्न, रस्त्याचा प्रश्न, तसा डॉक्टरांचा प्रश्न. सरकार म्हणतंय, असा प्रश्नच नाहीये." मी तेव्हा हसले. नंतर वाटलं, वाक्य तसं वाचता येतंच की! म्हणून दोन शंका. विचारायचा प्रश्न आणि सोडवायचा प्रश्न यांना मराठीत कधी वेगळे शब्द होते का? आणि 'उद्भवणे' इथे शोभतं का? माझ्या कानाला उद्भवतो तो रोग, नाहीतर वाद.

लघुलिपी
मी बरीच वर्षं सभागृहात प्रतिवेदक, म्हणजे कामकाजाचा शब्दन् शब्द टिपणारा, होतो, त्यामुळे ही ओळ किती वेळा लिहिली त्याची गणती नाही. बाईंचं चुकलंय. चौथा भाग 'नसल्यास'ने सुरू होतो. चौकशी केली नसेल तर उशीर का, एवढंच तो विचारतो. केली आहे म्हटल्यावर ती विचारणाच गळून पडते. 'उद्भवत नाही' हे त्या उपभागाला उत्तर आहे, रुग्णालयाला नाही. ही 'नसल्यास'ची ओळ सदस्य सवयीनं जोडतात, म्हणून इतक्या उत्तरांचा शेवट याच तीन शब्दांनी होतो.

आणि हा साचा मुळात मराठी नाहीच. ब्रिटिशांच्या काळी कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, प्रश्न विचारायची मुभाच १८९२च्या कायद्यानं आली. उपप्रश्न, म्हणजे मिळालेल्या उत्तरावर लगेच विचारायचा पुढचा प्रश्न, १९०९मध्ये, तोही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. इतर सभासदांना उपप्रश्न विचारता यायला १९१९च्या सुधारणा याव्या लागल्या. हे सगळं इंग्रजीतून चाललेलं. मराठी त्या साच्यात मागाहून ओतली, तेव्हा 'अराइज'चं 'उद्भवणे' झालं. तोंडी बोलताना 'उद्भवत नाही' कोणी म्हणत नाही. 'तो प्रश्नच येत नाही, अध्यक्ष महोदय' असंच ऐकू यायचं.

अनुस्वार
इंग्रजीला उगाच श्रेय देऊ नका. उद् अधिक भू, म्हणजे वर येणे, उत्पन्न होणे. शंका उद्भवते तसा प्रश्नही उद्भवतो. त्या वाक्यात खटकायला हवा तो 'खुलासा'. 'सन्माननीय' लिहून झाल्यावर लेखणी लगेच अरबीत शिरते. 'स्पष्टीकरण' आहे ना? आणि विचारायच्या प्रश्नाला 'पृच्छा', सोडवायच्याला 'समस्या' म्हणा. बाईंची आणि तुमची भांडणं संपली.

निळी शाई
'तारांकित पृच्छा क्रमांक अमुक'. मंत्रीमहोदयांना आधी शब्दकोश आणून द्यावा लागेल.

तुमच्या 'समस्या'ची गंमत सांगतो. संस्कृतात समस्या म्हणजे पूर्ण करायला दिलेला श्लोकाचा तुकडा. समस्यापूर्ती म्हणतात ती तीच. एकानं चरण टाकायचा, दुसऱ्यानं उरलेले रचायचे. म्हणजे समस्यासुद्धा मुळात कुणीतरी कुणाला तरी घातलेला प्रश्नच. विचारायचं आणि सोडवायचं यांची गाठ अशी जुनीच आहे, ती 'पृच्छा' आणून सुटायची नाही.

'खुलासा'बद्दल म्हणाल तर अरबीत त्याचा अर्थ सार, अर्क. आमदार अर्क मागतात आणि 'हे खरे नाही' एवढा शुद्ध अर्क मिळतो. शब्द अगदी चपखल बसलाय.

ओसरी
पृच्छा नको, पण 'पुसणे' चालेल का? आमच्याकडे आजी कधीच 'विचार' म्हणायची नाही, "त्याला पूस गं" म्हणायची. मी लहानपणी खरंच फडकं घेऊन गेले होते.

निळी शाई
आजींचं 'पुसणे' पृच्छ् धातूवरून आलंय आणि फडक्याचं प्रोञ्छ्वरून. दोन वेगळे धातू घासत घासत एकाच शब्दात येऊन थांबले. सभागृहाला याहून चांगला शब्द नाही. एका बाकावरून पुसतात, समोरच्या बाकावरून पुसतात.

उलटतपासणी
तुम्ही सगळे मवाळ शब्दांत रमलाय. यासाठी मराठीत खणखणीत शब्द आहे, 'जाब विचारणे'. आम्ही कोर्टात जबाब नोंदवतो, साक्ष काढतो, उलटतपासणी घेतो. पण जाब विचारण्यात एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे हक्क. शेजाऱ्याला प्रश्न विचारता येतो. जाब त्यालाच विचारतात जो आपल्याला उत्तर देणं लागतो. संविधानाच्या कलम १६४नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. म्हणजे तिथे जाबच विचारला जातो, चौकशी नाही करत कोणी.

ओसरी
'जाब' उर्मट नाही का वाटत? सासूबाई सुनेला जाब विचारतात असं काहीतरी.

निळी शाई
उर्मटपणा आपण चिकटवलाय. 'जाब' हा 'जवाब'च, मधला व गिळलेला. 'जाब विचारणे' म्हणजे 'उत्तर विचारणे', बाकी काही नाही. आणि 'जबाबदार' म्हणजे ज्याच्यापाशी जवाब आहे तो. आपण त्या शब्दाचा अर्थ 'ओझं वाहणारा' करून ठेवला, 'घरची जबाबदारी' वगैरे. मूळ अर्थ बोलणारा आहे, वाहणारा नाही.

अनुस्वार
त्यालाच 'उत्तरदायी' म्हणतात. स्वच्छ, स्वतःचा शब्द. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९३१ साली आठ भाषांचा शासनशब्दांचा कोश काढला तो उगाच नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तोही दरबारात फारसी बोकाळली म्हणूनच. पेशवा जाऊन मुख्य प्रधान आला, मुजुमदाराचा अमात्य झाला.

निळी शाई
आणि त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत सगळा महाराष्ट्र 'पेशवा'च म्हणत होता. कोशात घातला म्हणून शब्द तोंडात बसत नाही.

मोडीवेडा
अष्टप्रधानांचा विषय निघालाच आहे तर ऐका. वाकनीस या जुन्या पदाला संस्कृत नाव दिलं 'मंत्री' आणि सुरनीसाला 'सचिव'. वाकनीस म्हणजे रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारा, महाराजांचं खासगी बघणारा. सुरनीस पत्रव्यवहार तपासणारा. दोघेही मुळात लेखणीवाले, 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. आज मंत्री बोलतो आणि सचिव लिहून देतो. उपप्रश्न आला की मागच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते ना? तेव्हाचा मंत्री ती चिठ्ठी स्वतः लिहीत असता. शिवाय संस्कृतात 'सचिव' म्हणजे सोबती, राजाचा सल्लागार, म्हणजे खरं तर मंत्रीच. आपण दोघांना इंग्रजी पदांना जोडलं आणि एकाला वर, दुसऱ्याला खाली बसवलं.

लघुलिपी
चिठ्ठी येते, अजूनही. पण एक सांगतो, चिठ्ठीशिवाय उत्तर देणारे मंत्री पाहिलेत, आणि चिठ्ठी हातात असून न वाचता येणारेही पाहिलेत. नावं विचारू नका.

पाटीपेन्सिल
मूळ मुद्दा बाजूला पडतोय, पण पडू दे, हे सगळं कामाचं आहे. आज अडले ती ओळ अशी: 'दोषींवर कारवाई करण्याची कार्यवाही सुरू आहे'. इंग्रजीत दोन्हीकडे 'ॲक्शन' येतंय. कारवाई करण्याची कारवाई?

अनुस्वार
'कार्यवाही' मूळ शब्द, 'कारवाई' हा त्याचा अपभ्रंश. दोन्ही एकत्र वापरणं हे अज्ञान.

निळी शाई
उलटं आहे. 'कारवाई' ही फारसी 'कार' आणि 'रवाई' मिळून झालेली, काम चालवणं, पुढे नेणं. 'कार्यवाही' हा तिला संस्कृत कपडे चढवून केलेला शब्द. आवाज जवळचा ठेवला म्हणून जुना वाटतो.

अनुस्वार
कार्य वाहून नेते ती कार्यवाही. यात फारसी कुठून आली?

निळी शाई
मागच्या दारानं.

लघुलिपी
तुमचं चालू द्या, तोवर पाटीपेन्सिलला उत्तर देतो. कोण कुठून आलं ते सोडा, आज दोघांचं काम वाटलेलं आहे. कारवाईत शिक्षा असते: निलंबन, गुन्हा, वसुली. कार्यवाहीत फाईल असते. त्या वाक्याचा अर्थ असा की शिक्षा व्हावी यासाठी फाईल फिरते आहे. इंग्रजीत पहिल्याला 'डिसिप्लिनरी ॲक्शन' करा आणि दुसऱ्याला 'प्रोसेस'. कार्यवाहीचं कामकाज मात्र करू नका. सभागृहात चालतं ते कामकाज. हिंदीत त्यालाही 'कार्यवाही' म्हणतात, म्हणून आताशा वाहिन्यांवर 'सभागृहाची कार्यवाही तहकूब' ऐकू येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

उलटतपासणी
हिंदीचाच विषय तर 'शून्य प्रहर' बघा. प्रहर तीन तासांचा. दिवसरात्रीचे आठ प्रहर. दुपारी बाराला प्रश्नोत्तरं संपली की सदस्य जे आयत्या वेळी मांडतात त्याला संसदेत झीरो अवर म्हणू लागले, नियमांच्या पुस्तकात तो शब्द नाहीच. आपण त्याचा प्रहर केला. मग प्रश्नोत्तराचा 'तास' आणि लगेच पुढे शून्य 'प्रहर', हे कुठलं घड्याळ?

ओसरी
आणि राज्यसभेत तर २०१४पासून प्रश्नोत्तरं बाराला सुरू होतात. शून्य आधी, तास नंतर.

लघुलिपी
बरोबर. आकड्यांवरून आठवलं, लोकसभेत दिवसाला तारांकित वीस आणि अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, २३०. त्या विसातले थोडेच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. 'पटलावर ठेवणे' हाही भाषांतराचाच बळी. टेबलाचं पटल केलं. मराठीत पटल डोळ्यावर येतं. नवीन आलेला एक टंकलेखक मला विचारायचा, साहेब, हे सारखं पटलावर ठेवतात ते दिसत कसं नाही?

निळी शाई
'मेज' होतं की. 'सभागृहाच्या मेजावर'.

अनुस्वार
मेज फारसी.

निळी शाई
किंवा पोर्तुगीज. त्यावर वेगळं भांडू.

मोडीवेडा
वर्तमानपत्रवाले या सगळ्याला 'धारेवर धरले' म्हणून मोकळे होतात. 'खड्ड्यांवरून मंत्र्यांना धारेवर धरले'. ही धार कसली? मला तलवारीची वाटते.

ओसरी
आम्ही पाण्याची समजायचो. नळाखाली डोकं धरतात तसं.

उलटतपासणी
तलवारीच्या धारेवर माणूस धरता येत नाही, कापला जातो. धरायचं तर कात्री-सुरीचं पातं धरतात, सहाणेवर, धार लावायला. ठिणग्या उडतात त्या वेळी.

मोडीवेडा
मग 'सहाणेवर धरले' म्हटलं असतं. सहाण असताना धार कशाला?

पाटीपेन्सिल
काल रात्री फाईल पाठवली. चौथ्या ओळीला 'डझ नॉट अराइज'च ठेवलं आणि खाली टीप दिली. बाईंनी टीप काढायला सांगितली आहे, वाचकाला कळतं म्हणाल्या. त्यावरून अजून बोलणं चाललंय. पण त्यांनी आज नवीन गाठ मारलीय. 'अंशतः खरे आहे' याला मी 'पार्टली ट्रू' लिहिलं. त्या म्हणतात, कोणता अंश खरा ते उत्तरात कुठेच नाही, मग भाषांतरात तरी लिहायला नको का? मंजूर पदं पाच असतील आणि रिक्त तीन असतील तर खरं काय, पाच की तीन? आणि एका परिशिष्टात रकानाभर 'निरंक' लिहिलंय. तिथे शून्य लिहू की 'निल'?

लघुलिपी
'निल'. शून्य म्हणजे मोजून काही निघालं नाही. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. मोजलं की नाही ते त्यात येत नाही.

अनुस्वार
निर् अधिक अंक. म्हणजे शून्यच.

लघुलिपी
शून्य हा अंक आहे, अनुस्वार.

ओसरी
आईला विचारलं धारेचं. ती म्हणते दुधाची असेल, धार काढताना जनावर पाय बांधून धरतात. आता मोडीवेडा काय म्हणतात?