लेकीचं कुटुंब कॅनडाहून येतंय, नेक्सस कार्ड काढायचं का? मुंबईला चालतं का?

गंगापूररोडची_काकू

नमस्कार मंडळी, माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडं टोरॉंटोजवळ ब्रॅम्प्टनला असतात, डिसेंबरच्या सुट्टीत नाशिकला येणारेत. मुलगी आणि मुलं कॅनडाच्या पासपोर्टवर, तिघांचंही ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढून झालंय, जावयांचा पासपोर्ट मात्र अजून आपलाच, त्यांच्याकडे पीआर कार्ड, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना आहे. मोठी चौदाची, धाकटा नऊचा आणि त्याला रांगेत पाच मिनिटं उभं करणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. मागच्या वेळी रांगांनी सगळे मेटाकुटीला आले, तेव्हापासून जावयांच्या डोक्यात ते झटपट तपासणीच्या नेक्सस कार्डाचं भूत बसलंय, म्हणतात एकदा काढलं की सगळीकडे सुळकन बाहेर. इथे एका एजंटला सहज विचारलं तर तो म्हणाला बारा हजारात चौघांचं करून देतो, मुंबईला पण चालतं. मला काही पटेना. शिवाय येताना दोन दिवस लंडनला थांबायचा बेत आहे. आणि मे महिन्यात मी आणि हे तिकडे जाणार, आमचा व्हिजिटर व्हिसा आहे, तर आम्हाला त्या मशीनवर वगैरे उभं राहावं लागेल का, इंग्रजी वाचता येतं पण घाई केली की गडबडायला होतं. कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

स्कारबरो_ते_सातपूर

काकू, आधी त्या एजंटला लांब ठेवा. नेक्ससचा अर्ज ज्याचा त्याने अमेरिकेच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर वेबसाइटवर स्वतः भरायचा असतो, सरकारी फीच माणशी १२० अमेरिकन डॉलर आहे म्हणजे आपले दहा हजारांच्या वर, ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५० डॉलर होती. नामंजूर झाला तरी पैसे परत नाहीत. आईबापापैकी कोणी मेंबर असेल किंवा बरोबर अर्ज करत असेल तर १८ च्या आतल्या मुलांना फी नाही. म्हणजे दोघा मोठ्यांचेच २४० डॉलर होतात, हा भाऊ बारा हजारात चौघांचं कुठून करणार ते त्यालाच ठाऊक.

आणि मुंबईला चालत नाही. नेक्सस हा कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांचा मिळून कार्यक्रम आहे, दोघं तुमची पार्श्वभूमी तपासतात, गेल्या पाच वर्षांत कुठे राहिलात, कुठे नोकरी केली, कुठल्या देशात गेलात सगळं विचारतात, मग मुलाखत. मुलाखतीचं पण दोन भागात असतं, एक कॅनडाच्या अधिकाऱ्यांकडे आणि दुसरी अमेरिकेच्या, ती सीमेवर किंवा अमेरिकेचं विमान पकडायच्या आधी विमानतळावरच देता येते. पास झालात की पाच वर्षं कार्ड. टोरॉंटोला उतरताना वेगळं मशीन मिळतं, पूर्वी डोळ्यांची बुबुळं स्कॅन करायचे आता चेहरा बघतात, आणि निघताना सिक्युरिटीला व्हेरिफाइड ट्रॅव्हलरची लाइन असते तिथे बूट काढा लॅपटॉप काढा हे नाटक नसतं. हे दोन फायदे भारतात येताजाताना पण मिळतात, नाही म्हणत नाही. पण कार्डाचा खरा पैसा वसूल होतो तो अमेरिकेत सारखं जाणाऱ्याचा.

जावई पीआर आहेत त्यामुळे अर्ज करू शकतात, पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो तो लागतोच, कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. वर्षाकाठी एकदा नाशिकला येण्यापुरतं हवं असेल तर मी तरी काढणार नाही.

विंडसरकर

मी अमेरिकेच्या सीमेवरच्या विंडसरला राहतो, कामासाठी डेट्रॉइटला जावं लागतं, त्यामुळे माझ्यासाठी नेक्सस म्हणजे रोजचं दूध आहे. ॲम्बॅसेडर ब्रिजवर आणि बोगद्यात दोन्हीकडे वेगळी लाइन आहे. पण एक गंमत कोणी सांगत नाही ती ऐका. गाडीत बसलेल्या प्रत्येकाकडे कार्ड पाहिजे, अगदी मांडीवरच्या बाळाकडे सुद्धा. माझे आईबाबा नाशिकरोडहून आले की आमचं कार्ड त्या दिवसापुरतं कपाटात, कारण ते गाडीत बसले की अख्खी गाडी साध्या लाइनीत. बाबा प्रत्येक वेळी त्या मोकळ्या लाइनीकडे बोट दाखवून विचारतात की अरे तिकडून का नाही घेत, आणि प्रत्येक वेळी मी तेच समजावतो, आणि प्रत्येक वेळी ते म्हणतात आमच्यामुळे तुमचा खोळंबा.

त्यामुळे काकू, घरात दोन प्रकारचे पासपोर्ट असले की चौघं एकत्र कधीच सुळकन निघत नाहीत, सगळ्यात हळू पासपोर्टच्या वेगाने सगळे निघतात. जावयांना हे आधी सांगा.

ओसीआय_वाले_आप्पा

विंडसरकर बरोबर बोलले पण मुंबईच्या बाबतीत जरा वेगळं आहे, कारण तिथे उलट दोन्ही प्रकारचे पासपोर्ट एकाच योजनेत बसतात आणि ती योजना नेक्सस नाही. आपल्या गृह मंत्रालयाची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम म्हणून आहे, २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची, अहमदाबाद इथे आली. भारतीय पासपोर्टवाले आणि ओसीआयवाले दोघांनाही खुली आहे. जावई भारतीय म्हणून, लेक ओसीआय म्हणून. फी नाही ठेवलेली.

गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्टची पानं आणि फोटो अपलोड करायचे, ओसीआयवाल्यांनी कार्ड पण. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक पाहिजे. अर्ज तपासून मंजूर झाला की मेसेज येतो, मग बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) ऑफिसात जायचं किंवा सरळ विमानतळावर द्यायचं. नाशिकहून त्यासाठी मुद्दाम मुंबईची चक्कर मारू नका, लोकांना वाटतं आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रात होईल, तिथे हे काम नाही. मी म्हणेन डिसेंबरात येण्याआधी अर्ज मंजूर करून ठेवा आणि परतीच्या विमानाला जाताना थोडं लवकर पोचून ठसे देऊन टाका, म्हणजे पुढच्या खेपेला उतरल्यापासूनच ईगेट, ते आपोआप उघडणारं फाटक. मंजुरी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते.

ईगेटवर काय होतं तर आधी बोर्डिंग पास स्कॅन करायचा, मग पासपोर्ट, मग चेहरा किंवा ठसा जुळला की फाटक उघडतं. आता इथेच लोक अडकतात, विमानातून उतरताना बोर्डिंग पासचा तुकडा सीटच्या खिशात कोंबून येतात आणि मग फाटकासमोर पिशव्या उपसत बसतात. मुलीला सांगा चौघांचे पास एका पाकिटात ठेव आणि ते पाकीट नातवाच्या हातात देऊ नकोस.

सिडको_कॅब

मी नाशिक मुंबई गाडी चालवतो म्हणून एक सांगतो. इमिग्रेशन लवकर झालं तरी बॅगा बेल्टवर यायच्या तेव्हाच येतात. पाच मिनिटात ईगेटमधून आलो म्हणून पॅसेंजर फोन करतो आणि मी गाडी पार्किंगमधून काढून वर आणतो, मग कळतं बॅगा अजून विमानातच. चार मोठ्या बॅगा, दोन केबिन, एक कार्टन, असा तुमचा कॅनडावाल्यांचा संसार असतो हो. बॅगा ट्रॉलीवर चढल्या की मगच गाडीवाल्याला फोन करा काकू, आमचा जीव पण जीव आहे. बाकी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसाऱ्याची चिंता गेलीय, पुढे भिवंडीपासूनचं ट्रॅफिक मात्र जसं होतं तसंच.

गंगापूररोडची_काकू

आप्पा, विंडसरकर, सगळ्यांचे आभार. सिडको कॅब भाऊ, तुमचं म्हणणं ह्यांना वाचून दाखवलं, हसले खूप. आता लंडनचं कोणी सांगेल का, आणि आमच्या मेच्या प्रवासाचं? शिवाय जाताना आम्ही चिवडा, मनुके, मसाले, लोणचं असं नेणार, ते मशीनवर लिहायचं असतं का?

स्कारबरो_ते_सातपूर

लंडनचं आधी. मुलगी आणि मुलांना युकेचं ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, ऑनलाइन काढावं लागेल, कॅनडाच्या पासपोर्टवाल्यांना ते ८ जानेवारी २०२५ पासून सक्तीचं आहे. जावयांना ईटीए चालणार नाही, भारतीय पासपोर्टवर बाहेर पडून दोन दिवस राहायचं तर युकेचा व्हिजिटर व्हिसाच पाहिजे, त्याला वेळ लागतो, आत्ताच सुरुवात करा. ईगेट तिथे कॅनडाच्या पासपोर्टवाल्यांना २०१९ पासून खुले आहेत पण वय निदान दहा लागतं, तुमचा नऊचा. म्हणजे हिशोब बघा, लेक आणि मोठी ईगेटने जाऊ शकतात, धाकटा नाही, जावई नाही. धाकट्याला घेऊन लेकीला काउंटरवर जायचं, जावयांनी काउंटरवर जायचं, मग चौदाच्या मुलीला एकटीला ईगेटने पाठवून काय करणार! चौघं काउंटरच्या रांगेत लागा आणि विषय संपवा.

लंडनऐवजी पॅरिस वगैरे ठरलं तर तिकडे पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी एंट्री एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे घेतात, कॅनडावाल्यांचे पण. पहिल्या वेळी त्यात वेळ जातोच. धाकट्याचे ठसे नाही घेणार, बाराच्या आतल्यांचा फक्त फोटो.

पाथर्डीफाटा_मॉंट्रियल

काकू, मे महिन्याचं मी सांगते, माझ्या सासूबाई सासऱ्यांना मीच दरवेळी फोनवरून तयार करते. टोरॉंटोला उतरलं की किऑस्क असतात, ती मशीन सगळ्यांसाठीच आहेत, व्हिजिटर व्हिसावाल्यांनी पण तिथेच जायचं. पासपोर्टचं फोटोचं पान उघडून खाली काचेवर ठेवायचं, मग ते मशीन तुमचा फोटो घेतं, मान वर करून सरळ बघायचं, चष्मा आणि टोपी काढून. मग चारपाच प्रश्न येतात, काय आणलंय, किती पैसे आहेत वगैरे. शेवटी चिठ्ठी छापून येते, ती आणि पासपोर्ट घेऊन अधिकाऱ्याकडे जायचं. एका घरचे पाच जणांपर्यंत एकाच मशीनवर होतात म्हणून तुम्ही दोघं एकत्रच उभे राहा, काकांना वेगळ्या मशीनवर जाऊ देऊ नका, पुरुषांना वाटतं आपल्याला जमतं.

त्यातलं गडबडायचं काम घरूनच उरकता येतं. अराइव्हकॅन म्हणून ॲप आणि वेबसाइट आहे, त्यात उतरायच्या आधीच्या ७२ तासांत हेच प्रश्न भरून ठेवता येतात, मग मशीनवर पासपोर्ट ठेवला की ते आपोआप वर येतं, तुम्ही फक्त बरोबर आहे म्हणायचं. हे तेच ॲप बरं का जे कोविडमध्ये सक्तीचं होतं आणि ज्यावर कॅनडाच्या ऑडिटर जनरलने अंदाजे ५ कोटी ९५ लाख डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं आणि तिकडे नुसता गदारोळ उडाला. १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्ती नाही, पण एवढा खर्च झालाच आहे तर वापरून घ्या! नाशिकहून निघायच्या आदल्या रात्री लेकीला व्हिडिओ कॉलवर घेऊन निवांत भरा.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा, मनुके, मसाले, लोणचं सगळं बिनधास्त सांगायचं, खाण्याचे पदार्थ आहेत का या प्रश्नाला हो. सांगितलं तर फार फार तर काढून ठेवतील, लपवलं आणि सापडलं तर १३०० डॉलरपर्यंत दंड आहे. ताजी फळं, भाजी, बिया, रोपं, मटण हे मात्र नेऊच नका, द्राक्षाचा सीझन असला तरी. आणि ज्याच्याकडे नेक्सस आहे त्याने न सांगता काही आणलं तर दंड वर, कार्डही जातं. दोघांकडे मिळून किती ते बघू नका, माणशी १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ते पण सांगायचं.

विंडसरकर

मॉंट्रियलच्या ताईंनी सगळं सांगितलं. जावयांचं डोकं अजून नेक्ससवरच असेल तर एक फुकटातला पर्याय त्यांच्या बायकोला सांगा. कॅनडाचे नागरिक अमेरिकेत जाताना मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं अमेरिकेचं सरकारी ॲप वापरू शकतात, त्याला ना फी ना मुलाखत, टोरॉंटोलाच प्रीक्लिअरन्स, म्हणजे विमानात बसायच्या आधीच अमेरिकेची तपासणी असते तिथेही त्याची वेगळी लाइन मिळते. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसाने जाणाऱ्याला ते नाही. परत तेच, बायको मुलं एका लाइनीत आणि बाप दुसऱ्या.

बाकी भारतीय पासपोर्टवाल्यांना २०१७ पासून अमेरिकेत झटपट प्रवेशाचं ग्लोबल एंट्री पण मिळतं, त्यासाठी आपल्या पासपोर्ट सेवा पोर्टलवरून पोलीस पडताळणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पण पीआर असलेल्याने त्यापेक्षा नेक्ससच काढलेलं बरं, पैसे तेवढेच आणि कॅनडात उतरताना पण कामाला येतं.

ओसीआय_वाले_आप्पा

काकू, एकच राहिलं. जावयांच्या पीआर कार्डाची तारीख आत्ता बघायला सांगा, नंतर नाही. इथे असताना ते संपलं तर परतीच्या विमानात चढू देत नाहीत, मग व्हीएफएसमधून (व्हिसा अर्जाच्या केंद्रातून) पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढत बसावं लागतं आणि त्यात कुठलंच कार्ड, ईगेट, ॲप उपयोगी पडत नाही.

गंगापूररोडची_काकू

आप्पा, आत्ताच फोन लावला. कार्ड फेब्रुवारीत संपतंय म्हणाले आणि परतीचं तिकीट १० जानेवारीचं आहे. नव्या कार्डाचा अर्ज या आठवड्यात टाकतो म्हणालेत. नेक्ससचा विषय तूर्तास बंद, मुंबईचा फास्ट ट्रॅकचा अर्ज लेक भरणार आहे, आणि लंडनचं तिकीट बदलून सरळ यायचं चाललंय.