मदत हवी आहे : अपडेटनंतर सेव्ह उघडत नाही, डेव्हलपर गप्प
मंडळी, स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) घेतलेल्या एका गेमची ६० तासांची सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, नव्या अपडेटनंतर उघडतच नाही. लोडिंग अर्ध्यावर येतं आणि गेम बंद पडतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला, फाइल्स व्हेरिफाय केल्या, पुन्हा इन्स्टॉल केला. फरक शून्य. धाकट्या भावासोबत वसवलेलं गाव आहे हो त्यात, जीव तुटतो.

तीनदा बग रिपोर्ट पाठवला, तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं. बग सुटायला वेळ लागतो, हे मान्य. 'नो मॅन्स स्काय' हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा लोक किती चिडले होते! स्टुडिओ बराच काळ गप्प होता, पण नोव्हेंबरपासून मोफत अपडेट देत त्यांनी गेम सावरला. मला तर 'बघतोय' एवढं कळलं तरी मी थांबेन.

रिफंडचा प्रश्नच नाही; स्टीमची खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तास खेळण्याची मर्यादा कधीच उलटली.

क्लाउड सेव्ह (सेव्हची इंटरनेटवर राहणारी प्रत) बंद करून जुनी सेव्ह परत आणणं कुणाला जमलंय का? स्टीमच्या बीटा यादीत (जिथून गेमचं दुसरं व्हर्जन निवडता येतं) जुनं व्हर्जन दिसत नाही, दुसरा मार्ग आहे? आणि रिपोर्टसोबत क्रॅश लॉगशिवाय (गेम बंद पडल्याच्या नोंदीच्या फाइलशिवाय) आणखी काय जोडावं, म्हणजे कुणीतरी खरंच वाचेल?