टेबलावरचे अवघड खेळाडू : तुमचे अनुभव लिहा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र निभावायचा खेळ) किंवा तसले इतर खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. एकाच खेळाडूमुळे बाकी चौघांची अख्खी संध्याकाळ फुकट गेलेली बहुतेकांनी पाहिली असेल. नावं नकोत. तो काय करायचा आणि तुम्ही काय केलंत, दोन्ही लिहा, म्हणजे नव्या डीएमना (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) उपयोग होईल.

पुणे, डीएम
आमच्यातला एक जण चोराचं पात्र खेळायचा. अलाइनमेंट, म्हणजे पात्राची वृत्ती, अर्थातच केऑटिक न्यूट्रल : मनाला येईल तसं वागणारं. सगळे लाँग रेस्ट (लांब विश्रांती) घेत असताना पहारा याचा, आणि हा क्लेरिकच्या (पुजारी-पात्राच्या) थैलीतून हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) काढायचा. स्लाइट ऑफ हँडचा (हातचलाखीचा) फासा चांगला पडला की नियमात सगळं बसतंच. पुढच्या लढाईत क्लेरिक शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे मरणाच्या दारात, आडवी, डेथ सेव्ह (जगणार की मरणार ठरवणारा फासा) टाकतेय, आणि पोशन याच्या खिशात! विचारलं तर म्हणे, "माझं पात्र असंच वागेल." अरे, पण ते पात्र बनवलं कुणी? मी खेळ थांबवून त्याला हेच विचारलं. पात्राला गावकऱ्यांकडून शिक्षा देववून काही साधत नाही, माणसाशीच बोलावं लागतं. तेव्हापासून आमच्याकडे सोबत्यावर फासा टाकायचा तर आधी त्याची परवानगी लागते.

ठाणे
नियमांवरून वाद घालणारा. फायरबॉल या आगीच्या मंत्राच्या २० फूट त्रिज्येत ऑर्क (एक राक्षसी शत्रू) येतो की नाही, यावर अर्धा तास. आमच्या डीएमनं ठरवलं : निर्णय जागेवर, पुस्तक सेशननंतर. शिवाय कुणी ग्रॅपल करायला (शत्रूला धरून ठेवायला) गेलं की नियम सांगायचं काम त्याच्याकडेच दिलं. आता त्याच्यावाचून आमचं अडतं.

नाशिक
"२० पडले, आता राजानं राज्य द्यायलाच हवं!" डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात वीस बाजूंच्या फाशावर २० म्हणजे हमखास यश हे फक्त हल्ल्यापुरतं आहे, राजाचं मन वळवायला नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

न्यू जर्सी
मी बार्ड, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं पात्र, खेळते. एक जण दर सेशनला त्याच्या पात्राकडून माझ्या पात्राशी लगट करायचा. मी विषय बदलला की बाकीचे म्हणणार, "अगं, खेळच आहे." पात्राच्या तोंडून निघालं तरी ऐकावं मलाच लागत होतं. मी तो ग्रुप सोडला.
नव्या ग्रुपमध्ये सेशन झीरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) काय चालेल, काय नाही हे ठरलं. टेबलावर जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड असतं. फुली मारलेला साधा कागद. त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे ते क्वचितच वापरावं लागतं, पण ते समोर आहे म्हणून मी मोकळेपणानं खेळते.

कोल्हापूर
गप्प बसणाऱ्यांना कृपया या यादीत घालू नका. आमच्याकडची एक मुलगी चार वाक्यंसुद्धा बोलत नाही, पण नकाशा तीच काढते, आणि मागच्या वेळी गुप्त दरवाजा तिलाच सापडला.