मदत हवी आहे: सासऱ्यांना 'कॉम्प्युटर कंपनी'चे खोटे फोन येतायत, लॅपटॉप आणि त्यांची भीती दोन्ही कसं सावरायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. मामा (सासरे) मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेत, पेन्शन आहे, लॅपटॉप स्वतः चालवतात, भजनी मंडळाचा हिशोब, लाईट बिल, जमिनीचा उतारा असलं सगळं तेच बघतात आणि त्याचा त्यांना अभिमान पण आहे. आता जे झालंय ते लिहिते, लांब होईल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात मामा दुपारी आरटीसी (जमिनीचा उतारा) काढायला बसले होते. कर्नाटक सरकारची 'भूमी'ची साईट कन्नडमध्ये, त्यांना पूर्ण वाचता येत नाही म्हणून ते गुगलवर मराठीत शोधून कुठल्या तरी लिंकवर गेले, आणि एकदम सगळा स्क्रीन निळा होऊन भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत सारखी तेच तेच बोलतेय, मध्ये मोठ्या अक्षरात विंडोजचं चिन्ह आणि खाली फोन नंबर. माउस हलेना, बंद होईना. आत्या (सासूबाई) घाबरल्या, वायर काढा म्हणाल्या, पण मामांनी त्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, एकदम अदबीनं, अंकलजी अंकलजी करत बोलला म्हणे. त्यानं सांगितलं तुमचं विंडोज टेन कंपनीनं बंद केलंय म्हणून हॅकर आत शिरलेत. मग एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) घालायला लावलं, त्यातला नंबर विचारून घेतला आणि स्वतःच माउस हलवत एक यादी उघडून दाखवली, त्यात लाल गोल आणि पिवळे त्रिकोण शेकड्यांनी. "देखिए अंकलजी, ये सब वायरस है." मामांच्या मनात जे बसलंय ते हेच. आजही म्हणतात, अगं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, मशीनच्या आतूनच निघालेलं ते.

तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लॅन म्हणून ४,९९९ रुपये यूपीआयनं घेतले. दुसऱ्या दिवशी परत फोन, आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे रिफंड करायचेत, नेट बँकिंग उघडा. मामांनी उघडलं. स्क्रीन काही वेळ काळा झाला आणि परत आला तेव्हा खात्यात जवळपास पन्नास हजार जास्त दिसत होते. मग तो माणूस रडायलाच लागला, माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं, माझी नोकरी जाईल, अंकलजी वरचे ४५ हजार परत पाठवा. नशिबानं त्याच वेळी मिस्टर दुकानातून जेवायला घरी आले, त्यांनी नेट बंद केलं आणि फोन कट केला. म्हणजे ते ४५ हजार वाचले.

पण खरी अडचण पुढंच आहे. फोन बंद झालेले नाहीत, रोज वेगळा नंबर. मिस्टर रागानं बोलले, तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता, लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली काढून घेतली. तेव्हापासून मामा नीट जेवत नाहीत. आणि काल मी ऐकलं, गच्चीवर जाऊन हळू आवाजात कुणाला तरी सांगत होते, "भाईसाब, पैसा वापस कर दूँगा, थोडा टाईम दो." म्हणजे त्यांना अजून वाटतंय की त्या माणसाचे पैसे आपण बुडवलेत! ज्यांनी आयुष्यभर मंडळाच्या वर्गणीचा पै न पै हिशोब ठेवला त्यांना ते लोक चोर ठरवून राहिलेत, हे मला सहनच होत नाही.

तर मला विचारायचंय ते असं. एक म्हणजे लॅपटॉपमध्ये त्यांनी काय सोडून ठेवलं असेल तर ते कसं काढायचं, बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्येच सेव्ह होता. दुसरं, तक्रार कुठं करायची, मामांचं सिम कोल्हापुरात घेतलेलं, बँक खातं निपाणीतलं, तो माणूस कुठला देव जाणे, मग निपाणी, चिक्कोडी, बेळगाव की कोल्हापूर? बँकेत मिस्टर गेले होते तर काउंटरवर सांगितलं तुम्ही स्वतः पिन टाकलाय, आम्ही काय करणार, आणि परत पाठवलं. आणि तिसरं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, मामांना हे पटवायचं कसं? ते अडाणी नाहीत हो. त्यांना पुरावा लागतो. आम्ही नुसतं फ्रॉड फ्रॉड म्हणतोय आणि त्या माणसानं त्यांना स्क्रीनवर दाखवलंय, मग ते कुणावर विश्वास ठेवणार?

रिपेरीवाला (बेळगाव)

वहिनी, मी कॉम्प्युटर रिपेरीचं काम करतो, माझ्याकडं अशी मशीन नेहमी येतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो कारण त्याचं उत्तर सोपं आहे. त्यानं मामांना जे दाखवलं ते इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजचंच आहे, खरं आहे, खोटं काही नाही त्यात, आणि म्हणूनच ते फसवायला बरं पडतं. प्रिंटर सापडला नाही, नेट मधेच गेलं, एखादं सॉफ्टवेअर उशिरा चालू झालं, की विंडोज तिथं नोंद करून ठेवतं. कालच खोका फोडून काढलेल्या नव्या लॅपटॉपवर पण असल्या लाल-पिवळ्या खुणा सापडतील. शाळेच्या हजेरीपटात गैरहजेरीचे शेरे असतात तसं समजा, शेरा आहे म्हणून पोरगं आजारी असं होत नाही.

मामांना शेजारच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसवा, स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, डावीकडं कस्टम व्ह्यूज, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स. तीच यादी येणार. मिस्टरांच्या दुकानात कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर पण दाखवा. माउस मामांच्याच हातात द्या, तुम्ही उघडून दाखवू नका.

रिफंडचं पण तसंच. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा कुठलाही आकडा आपल्या स्क्रीनपुरता बदलता येतो, बँकेत काही हलत नाही, पान रिफ्रेश केलं की जुना आकडा परत. स्क्रीन काळा केला तो त्यासाठीच. कधी कधी तर आपल्याच एफडीतले पैसे सेव्हिंगला वळवून "आम्ही पाठवले" म्हणतात, त्यामुळं एफडी मोडली नाही ना ते पण बघा. पासबुक घेऊन बँकेत जा आणि मामांच्या समोर छापून घ्या. पन्नास हजार आले असतील तर छापून येतील, नाही आले तर नाही.

विंडोज टेनबद्दल तो अर्धं खरं बोलला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय हे बरोबर, पण म्हणून मशीन बंद पडत नाही आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कुणाच्या घरी आपणहून फोन करत नाही. त्यांच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं मामांच्या वहीत लिहून ठेवा.

आता सफाई. नेट न जोडता लॅपटॉप चालू करा, सेटिंगमधल्या अ‍ॅप्समध्ये जाऊन एनीडेस्क आणि त्या दिवसाच्या तारखेला आलेलं जे काही असेल ते काढा. एनीडेस्क ठेवून नुसतं बंद करू नका, त्यात पासवर्ड लावून ठेवला असेल तर परत परवानगी न मागता आत येता येतं. मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा (विंडोजचाच अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रिस्टार्ट होऊन स्कॅन होतं. पण खरं सांगू का, नेट बँकिंगच्या मशीनवर अनोळखी माणूस बसून गेलाय म्हटल्यावर मी फोटो आणि हिशोबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोज रिसेटच करतो. सगळे पासवर्ड त्या लॅपटॉपवरून नाही, मोबाइलवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, यूपीआय पिन पण. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा, तिथं कुणी आपला पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलून पण तुमची पत्रं तिकडं जात राहतात. ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

पुढं कधी असा भोंगा वाजला तर एस्केप बटण दाबून धरायचं, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ फोर, ते पण नाही जमलं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवायचा. परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोर करू का विचारलं तर नको म्हणायचं.

निपाणीकर

ताई, तक्रारीचं मी सांगतो, आमच्या चुलत्यांच्या वेळी याच हद्दीच्या घोळात आम्ही फिरलोय. १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, आजच. उशीर झालाय म्हणून सोडू नका. तिथून ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवतात आणि पैसे अजून पुढं काढले नसतील तर तिथंच अडवून धरतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे, पण नंतर पण नोंद हवीच. कोल्हापूरच्या सिमवरून लावला आणि महाराष्ट्राच्या केंद्रात गेला तर गोंधळू नका, राहतो निपाणीत, जिल्हा बेळगाव, कर्नाटक असं आधीच सांगा. नाहीतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर भरा, तिथं राज्य निवडता येतं. व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा संदर्भ क्रमांक), तारीख-वेळ, आलेल्या फोनचे नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

पोलिसात म्हणाल तर बेळगावला सीईएनचं (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाणं आहे, सायबरचं तेच बघतात. पण त्यासाठी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायची गरज नाही, गावच्या ठाण्यात पण द्या. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झालाय त्यात गुन्हा कुठल्या हद्दीत झाला म्हणून एफआयआर नाकारता येत नाही, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, नोंदवून घेऊन ते योग्य ठाण्याकडं पाठवतात. कलम विचारलं तर आयटी कायद्याचं ६६ डी, कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याच्या नावानं फसवणूक.

बँकेला तोंडी सांगू नका. लेखी अर्ज, पोच घ्या, शिक्का घ्या. पिन मामांनी टाकला म्हणून ते ४,९९९ बँक देईलच असं नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं तुम्ही कळवल्यानंतर तसल्या प्रकारात अजून काही गेलं तर ते नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख कागदावर पाहिजे.

आणि अजून एक, हे वाचून तुम्हाला कुणी निरोप पाठवेल, पैसे परत मिळवून देतो, फी द्या म्हणून. त्यांना उत्तर पण देऊ नका. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

खानापूरची

बाकी सगळ्यांनी सांगितलंच आहे, मी फक्त मामांबद्दल लिहिते. गच्चीवर जाऊन हळू बोलतायत हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मार्च २०२५ मध्ये आमच्या तालुक्यातल्या बीडी गावात एका वयस्कर नवराबायकोनं जीव दिला, त्यांना पण असेच फोन, डिजिटल अरेस्टच्या (खोटे पोलीस बनून फोनवरच अटक केली म्हणायचं) धमक्या, पैशाचा तगादा. ते लोक पैसे गेल्यावर थांबत नाहीत, माणूस लाजेनं गप्प बसतो त्यावरच त्यांचं चालतं. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, पण लॅपटॉप मागाहून, आधी मामांशी बोला. मिस्टरांना सांगा कपाटाची किल्ली परत द्या आणि एकदा तरी जवळ बसून म्हणा, आप्पा, चूक त्या लोकांची आहे. मुलानं म्हटलेलं वेगळं लागतं. त्यांना एकटं सोडू नका, जेवण-झोप तशीच राहिली तर डॉक्टरकडं न्या, आणि टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, त्यावर तुम्ही पण त्यांच्यासाठी विचारू शकता.

फोन मामांनी उचलायचा नाही, तुम्ही उचला. एकदा दुसराच आवाज आला की बरेचदा नाद सोडतात. वाद घालू नका, शिव्या देऊ नका, नुसतं कट करा. ते नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवर संशयित फोन कळवायला 'चक्षू' म्हणून सोय आहे तिथं कळवा. आणि मामांना हे सांगा, नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावातच पोलिसांनी असलं खोटं कॉल सेंटर पकडलं, इथं बसून अमेरिकेतल्या लोकांना फसवत होते. अमेरिकेतली शिकलेली माणसं फसतात हे कळलं की त्यांना जरा हलकं वाटेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचता वाचता डोळे भरून आले. १९३० वर नोंद झाली, पोच नंबर मिळाला, बँकेत लेखी अर्ज दिला आणि शिक्का पण घेतला, यावेळी मॅनेजरना भेटलो. पासबुक मामांच्या समोर छापलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं, ४,९९९ गेलेले दिसले, जमेच्या बाजूला फक्त पेन्शन. मग मला म्हणाले, "म्हणजे त्यानं काहीच पाठवलं नव्हतं?" नाही म्हटलं. मग दुकानात जाऊन इव्हेंट व्ह्यूअर त्यांनी स्वतः उघडला, तिथं पण तेच लाल गोल. बराच वेळ वाचत बसले आणि तारखा बघून म्हणाले ही तर मागच्या महिन्यापासूनची आहेत, मग दुकान कसं चाललंय. मिस्टरांनी तिथंच त्यांची माफी मागितली. रात्री भाकरी मागून घेतली त्यांनी.

फोन आता माझ्याकडं येतात, मी कट करते. टेलिमानसचा नंबर आत्यांकडं पण लिहून दिलाय.

रिपेरीवाले भाऊ, ईमेलमध्ये फॉरवर्डिंग नाही पण रिकव्हरीच्या (पासवर्ड विसरला तर वापरायच्या) जागी एक नंबर दिसतोय, शेवटचे दोन आकडे आमच्या घरातल्या कुणाचेच नाहीत. तो काढला तर मामांचं अकाउंटच लॉक होईल का? आणि रिसेट करायच्या आधी काढू की नंतर? तेवढं सांगा की, तोपर्यंत लॅपटॉपला नेट जोडत नाही.

रिपेरीवाला (बेळगाव)

लॉक नाही होणार वहिनी. आधीच काढा, रिसेटची वाट बघू नका, पण लॅपटॉपवरून नाही, मामांच्या मोबाइलवरून. अगोदर तुमचा किंवा मिस्टरांचा नंबर घाला, तो ओटीपीनं पक्का झाला की मग तो परका नंबर काढा, आणि सिक्युरिटीत जाऊन जी जी ओळखीची नाहीत त्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. शेवटी पासवर्ड परत एकदा बदला, आधी बदलला असला तरी. त्या नंबरचा स्क्रीनशॉट मात्र काढायच्या आधी घ्या आणि तक्रारीला जोडा, पोलिसांना उपयोगी पडेल.