जुना ट्रॅक्टर घेताना आधी इंजिन बघायचं की मागची बाजू?

कोपरगावकर : दहा-पंधरा वर्षं वापरलेला महिंद्रा ५७५ किंवा स्वराज ७३५ घ्यायला निघालेली पोरं पहिल्यांदा मीटरवरचे तास विचारतात. अहो, जुन्या ट्रॅक्टरचं मीटर केबलवर चालतं. केबल सोडली की तास थांबले! क्लचच्या पेडलवरची नक्षी पार झिजलेली आणि मीटर म्हणतं नऊशे तास, हे कसं पटायचं?

माझं ठाम मत, आधी इंजिन बघा आणि तेही थंडगार असताना. गेल्या गेल्या हेडला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे सकाळी उठायला कुरकुरतंय असं धरून चाला. चालू झालं की ऑइल भरायचं झाकण काढा. भकाभका धूर आणि शिंतोडे उडाले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

माळशिरसचा ऊसवाला : अजिबात पटलं नाही. इंजिनचं काम सगळ्यात सोपं. लायनर-पिस्टनचा सेट तालुक्याला मिळतो, मिस्त्री आधी खर्च सांगतो. क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारी दातेरी जोडी, वाजायला लागलं तर मागचं सगळं खोलावं लागतं, आणि आत काय निघेल ते कुणालाच सांगता येत नाही.

आमच्याकडे हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढलेले ट्रॅक्टर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की इंजिनकाम आणि रंग करून विकायला निघतात. तुमच्या परीक्षेत ते पहिल्या नंबरानं पास होतील! त्यापेक्षा रोटाव्हेटर उचला, इंजिन बंद करा आणि चहा घेऊन या. तोवर तो खाली टेकला असेल तर लिफ्टचं काम आलंच. भरलेली ट्रॉली जोडून चढाला क्लच बघा. रिकामा ट्रॅक्टर पळवून काही कळत नाही.

कोपरगावकर : ट्रॉलीचं मान्य. पण 'इंजिनकाम केलंय' हे तोंडी ऐकून पैसे मोजायचे का? सामानाचं बिल मागा. तीन एकरवाल्याचं इंजिन वाफशावर बसलं तर मिस्त्रीकडे आधीच रांग असते आणि पेरणी हातची जाते. तुम्हाला सोपं वाटणारं काम त्याला तेव्हा परवडत नाही.

भंडाऱ्याचा धानवाला : आमच्या भागात ट्रॅक्टर चिखलणीत मरतो. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग किंमत ऐकायचीही गरज नाही. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवा, ते ज्यावर वळतं ते किंगपिन-बुश झिजलेत का ते लगेच कळतं.

ऊसवाला : बघा, हीसुद्धा इंजिनाबाहेरचीच दुखणी!

लातूरकर : तुम्ही सगळेच लोखंडातच अडकलात. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. आणि स्वस्त मिळतोय म्हणून एचएमटी घेणाऱ्यांनी आधी सामानाची चौकशी करावी. त्यांचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झालाय.

कोपरगावकर : कागद बघायचेच, त्यावर वाद नाही. पण सौद्याच्या दिवशी उजाडताच, न सांगता जा. थंड इंजिन तेव्हाच सापडतं.